किंग्ज हेल्थ क्वेश्चनेअर, ब्राझीलची पोर्तुगीज आवृत्ती: प्रश्न चोख, गुण देताना सांभाळा

लघवी गळण्याच्या त्रासाने बाईचं रोजचं जगणं किती अडतं, हे मोजणारी ही २१ प्रश्नांची प्रश्नावली. मूळ इंग्रजी लंडनची, १९९७ सालची. ब्राझीलमध्ये तपासलेली पोर्तुगीज आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपी किंवा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर फरक बघायचा असेल, तर ती जरूर वापरावी.

तिचं बळ प्रश्नांच्या नेमकेपणात आहे. पॅड लावावं लागतं का, पाणी बेताने पिता का, कपडे ओले झाले म्हणून बदलावे लागतात का, वास येईल अशी धास्ती वाटते का, लाज वाटते का. ‘त्रास किती?’ असं मोघम विचारलं तर ‘चालतंय’ म्हणणारी बाई इथे खरं सांगते. घरकाम, प्रवास, झोप, मनःस्थिती, नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी संबंध यांचे विभाग वेगळे आहेत. एकूण ९ विभाग, प्रत्येकाला ० ते १०० गुण. गुण जास्त म्हणजे हाल जास्त. या नवांची बेरीज करून एकच आकडा काढू नये, त्याला काही अर्थ नाही. लक्षणांची यादी वेगळी असते, तिचा हिशेब निराळा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वैयक्तिक संबंधांच्या विभागात. तिथे ‘लागू नाही’ या उत्तराला ० असतो आणि ‘अजिबात नाही’ला १. जोडीदाराशी नात्यावरच्या प्रश्नाला ३ आणि लैंगिक संबंधांच्या प्रश्नाला ‘लागू नाही’ असं उत्तर आलं, तर एकाच प्रश्नावर हिशेब करावा: ३ मधून १ वजा, भागिले ३, गुणिले १००, म्हणजे ६७. तो ० तसाच धरून दोन प्रश्नांचं सूत्र लावलं (बेरजेतून २ वजा, भागिले ६), तर १७ येतात. त्याच बाईचा त्रास कागदावर पार हलका होतो! दोन्ही उत्तरं ‘लागू नाही’ असतील तर रकाना कोरा ठेवायचा, ० लिहायचा नाही. विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या बायका जास्त असल्या की पूर्ण गटाची सरासरी याच चुकीने खाली येते.

ही आवृत्ती पोर्तुगालमध्ये जशीच्या तशी देऊ नये. पॅड, अंतर्वस्त्र, स्वच्छतागृह यांचे रोजचे शब्द दोन्ही देशांत वेगळे आहेत, आणि प्रश्न नेमके त्यांच्यावरच आहेत. तिथल्या बायकांसाठी वेगळी आवृत्ती लागते: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांतून एक मसुदा, मूळ न पाहिलेल्याकडून परत इंग्रजीत उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग थोड्या रुग्णांना देऊन कुठे अडखळतात ते बघणं. ही शेवटची पायरी घाईत उरकली जाते, आणि न कळणारे प्रश्न तिथेच सापडत असतात.

जिला वाचायला जड जातं, तिला प्रश्न वाचून दाखवावेत, पण समजावून सांगू नयेत. शब्द बदलला की प्रश्न बदलतो. नवरा किंवा मुलगी शेजारी बसलेली नसावी. उपचारानंतरही पहिल्यासारखंच विचारावं: आधी वाचून दाखवलं आणि नंतर कागद हातात दिला, तर आलेला फरक उपचाराचा की पद्धतीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

ओपीडीत वेळच नसेल तर आयसीआयक्यू या लघवी गळण्यावरच्या दुसऱ्या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती बरी. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तीही तपासलेली आहे. गुणांचे प्रश्न ३, एकूण गुण ० ते २१. झोप किंवा नात्यांबद्दल मात्र तिच्यातून वेगळं काही हाती लागत नाही.