रत्नागिरीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान : गल्ल्यामागच्या कपाटासाठी नक्की जा

मारुती आळीच्या बाजूला हे दुकान आहे, बाहेर दहावीची गाईडं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे, पण रिव्ह्यू लिहितोय तो आतल्या काचेच्या कपाटासाठी. अमेरिकेतल्या अंडरग्राउंड कॉमिक्सचे रीप्रिंट आणि त्यावरची पुस्तकं, फक्त मोठ्यांसाठी. कॉलेजची पोरं आली की काका सरळ आधार कार्ड मागतात, अठराच्या आतला असेल तर कपाट उघडतच नाहीत, हे मला फार पटलं.

रॉबर्ट क्रम्बचं झॅप आहे, पहिला अंक १९६८ चा, सॅन फ्रान्सिस्को. १९५४ च्या कॉमिक्स कोडमुळे, म्हणजे कंपन्यांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या नियमांमुळे, तिकडे पेपर स्टॉलवर सगळं सोज्वळच मिळायचं, मग क्रम्बसारख्या चित्रकारांनी सेक्स, ड्रग्ज, राजकारण सगळं स्वतःच काढलं, स्वतःच छापलं आणि हिप्पींच्या पोस्टर-चिलीमवाल्या दुकानांतून विकलं. क्रम्बच्या बारीक आडव्यातिडव्या रेघा जवळून बघा, कागद दिसत नाही इतक्या दाट, आणि रीप्रिंटमध्येही त्या फुटलेल्या नाहीत. बायकांची चित्रं मात्र कित्येक ठिकाणी किळसवाणी आहेत, ट्रिना रॉबिन्स ह्या चित्रकार बाईने तेव्हाच तोंडावर सांगितलेलं आणि १९७० ला फक्त बायकांनी काढलेलं कॉमिक आणलं, तेही मागून घ्या.

पण खरी कमाल म्हणजे प्रत्येक अंकाच्या कव्हरात काकांच्या हातची चिठ्ठी आहे, अश्लीलतेची केस कुठे झाली आणि कोणावर. त्या ओळीने वाचल्या की कळतं, दांडका बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच पाठीत बसलाय. झॅपच्या चौथ्या अंकासाठी न्यूयॉर्कात १९७० ला दोषी ठरले ते दुकानातले विक्रेते. १९७३ च्या मिलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने अश्लील काय ते त्या त्या ठिकाणच्या समाजाच्या मापाने ठरवा म्हटलं, म्हणजे गावागणिक माप वेगळं, मग छोट्या दुकानदारांनी घाबरून माल ठेवणंच सोडलं. १९८६ ला इलिनॉयमध्ये कॉमिक्सच्या दुकानाचा मॅनेजर धरला, अपिलात सुटला, आणि त्याच्यासाठी उभा केलेला फंड अजून अशा केसेस लढतो. चित्रकारालाच शिक्षा झाली ती १९९४ ला, फ्लोरिडात, माइक डायनाला.

आपल्याकडेही तेच. १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा उदेशी खटला मुंबईतल्या बुक स्टॉलवाल्याचा, दंड २० रुपये, पण त्या निकालातली अश्लीलतेची कसोटी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांच्या मानेवर बसली. आणि र. धों. कर्वे तर आपल्या मुरुडचे, समाजस्वास्थ्य ह्या आपल्या लैंगिक शिक्षणाच्या मासिकासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, १९३४ ला त्यांच्या बाजूने बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले, ती चिठ्ठी काकांनी कपाटाच्या काचेवरच चिकटवलीय. एवढं सगळं माहीत असून हा माणूस कपाट लपवत नाही, कोण काय म्हणेल म्हणून घाबरत नाही, त्यासाठी माझ्याकडून पाच स्टार.

तक्रारी आहेत. किमती चढ्या, घासाघीस चालत नाही. खाऱ्या हवेने जुन्या अंकांच्या पिना गंजल्यात, त्याचा तांबूस डाग मधल्या पानावर उतरतो, तर घ्यायच्या आधी मधलं पान उघडून बघा. पावसाळ्यात वाळवीच्या भीतीने कपाट रिकामं करून ठेवतात, तेव्हा गणपतीनंतरच जा.