सव्वासात, साडेनऊ की बारा: स्ट्रॅटच्या नेकची गोलाई ठरवताना

स्ट्रॅट-छापाच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) इलेक्ट्रिक गिटारसाठी नवा नेक मागवायचा म्हटलं की माणूस लाकूड, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, जाडी, नेकच्या पाठीचा आकार यावर रात्र-रात्र वाचत बसतो. रेडियसच्या, म्हणजे बोटांखालच्या बोर्डाच्या गोलाईच्या त्रिज्येच्या (आकडा लहान तितका बोर्ड जास्त गोल), रकान्यात मात्र जो आकडा आधीपासून असतो तोच राहू देतो. माझ्या मते उलट करावं. मेपल की रोजवूड हे थोड्या दिवसांत अंगवळणी पडतं, बोर्डाची गोलाई हाताला रोज जाणवत राहते.

पर्याय तसे चार: फेंडरचा जुना सव्वासात इंच, त्यांचाच हल्लीचा साडेनऊ, गिब्सनवाल्यांचा बारा, आणि नटाकडे (डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीकडे) गोल पण बॉडीकडे सपाट होत जाणारा कंपाउंड. आयबानेझच्या आरजीसारखे ४०० मिमी आणि त्यापुढचे पाटासारखे सपाट बोर्ड मी बाजूला ठेवतोय. ज्यांना ते हवे असतात त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

सव्वासातबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पहिल्या पाच फ्रेटमध्ये कॉर्ड धरायला इतकं सुखाचं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. आडवी टाकलेली तर्जनी मुळातच थोडी वाकडी असते, आणि या बोर्डावर ती आपोआप बसते. अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची सवय असेल तर विचारूच नका. ऑर्केस्ट्रात रात्रभर ऱ्हिदम वाजवणाऱ्याने खुशाल हाच घ्यावा.

माझं घोडं अडलं ते पहिल्या तारेवर, पंधराव्या फ्रेटच्या आसपास. तार कडेला असते तेव्हा ती बोर्डाच्या उतारावर असते. बेंड करताना, म्हणजे तार आडवी ढकलून स्वर चढवताना, ती माथ्याकडे चढते, आणि पुढचे फ्रेट तिच्या वाटेत येतात. बाराव्या फ्रेटपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेत साधारण ४४ मिमी अंतर असतं. एवढ्या रुंदीत सव्वासातचा माथा कडेपेक्षा सुमारे १.३ मिमी उंच असतो, साडेनऊचा १ मिमी, बाराचा ०.८. कागदावर हा फरक अगदीच किरकोळ दिसतो. पण अॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, दीड मिमीच्या आसपास ठेवायची आवड असेल तर याच किरकोळ फरकात स्वर गुदमरतो. नुसता बझ होत नाही, नोट वर चढते आणि मधेच मरते.

झटपट रॉक लिकमध्ये हे खपून जातं. भावगीताचा किंवा नाट्यपदाचा तुकडा गिटारवर काढताना खपत नाही. कोमल गंधारावरून मध्यमावर सावकाश जायचं, तिथे थांबायचं, तसंच परत यायचं, आणि मध्यम लागतो न लागतो तोच आवाज बंद! मींड तुटली की ऐकणाऱ्याला कळतंच.

यावर उपाय आहेत. अॅक्शन वर घ्या, बेंड सुटेल, पण मग वरच्या फ्रेटवर कॉर्ड जड जातात आणि किंचित चढे बोलतात. शेवटचे फ्रेट थोडे घासून उतरते करून घ्या, तेही मी केलं आणि फरक पडला. पण पावसाळ्यात नेक हलला की पुन्हा नेकचा वाक सांभाळणाऱ्या ट्रस रॉडची किल्ली शोधा. या कटकटीनेच माझा निर्णय झाला, एरवी सव्वासात मी सोडला नसता.

यावर कोणी म्हणेल, हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉन या गिटारवादकांनी अशाच जुन्या पद्धतीच्या गोल बोर्डांवर काय कमी बेंड केले? खरं आहे. पण दोघेही बहुतेक वेळा गिटार अर्धा स्वर खाली लावत, आणि व्हॉनची पहिली तार ०.०१३ इंचाची, म्हणजे जाड, अॅक्शनही उंच. तशी बोटं असतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

साडेनऊ हा सभ्य तोडगा आहे. थोडे उंच फ्रेट आणि बेताची अॅक्शन असेल तर बहुतेकांचं यात भागेल. मित्राच्या गिटारवर सतराव्या फ्रेटला मला थोडी कुरकुर ऐकू आली, पण तो दोष फ्रेट-लेव्हलिंगचाही (फ्रेट एका पातळीत घासण्याचा) असू शकेल. हातातला सव्वासातचा नेक रिफ्रेट करताना, म्हणजे फ्रेट बदलताना, साडेनऊपर्यंत सपाट करून घेता येतो. फक्त १९६२ च्या मध्यानंतरच्या फेंडरसारखा पातळ, वळवून चिकटवलेला रोजवूड असेल तर जपून, तिथे तासायला लाकूडच फारसं नसतं.

कंपाउंड तत्त्वतः सगळ्यात बरोबर. तारा ब्रिजकडे फाकत जातात, म्हणून बोर्डही शंकूचा तुकडा असायला हवा. गिटार बनवणाऱ्या जॅक्सनचा १२ ते १६ इंच, नेक विकणाऱ्या वॉरमॉथचा १० ते १६. स्ट्रॅटच्या सुट्या सॅडलवर (ब्रिजवरच्या प्रत्येक तारेच्या वेगळ्या टेकूवर) तो नीट बसवता येतो. गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजची गोलाई ठरलेली असल्यामुळे तिथे सॅडलच्या खाचा घासत बसावं लागतं. शिवाय पुढेमागे फ्रेट लेव्हल करायचे झाले तर शंकू सांभाळणारा हात हवा. तसा कारागीर जवळपास असेल तर जरूर घ्या. माझ्या जवळपास नव्हता.

म्हणून बारा. बारा परिपूर्ण नाही. सुरुवातीला एफचा बार धरताना तर्जनीच्या सांध्याखाली दुसरी तार मुकी राहायची, अजूनही लांबलेल्या कार्यक्रमात शेवटी हात भरून येतो. पण पंधराव्या फ्रेटवरचा मध्यम हवा तितका वेळ टिकतो, अॅक्शन खाली ठेवूनही, आणि भर पावसाळ्यातही मी किल्ली क्वचितच काढतो.

घेणार असाल तर नट बाराच्याच गोलाईला कापून मागा आणि सॅडलची उंची त्याप्रमाणे नव्याने लावा. पिकअपकडेही, म्हणजे तारांखालच्या चुंबकी ध्वनिग्राहकाकडेही, बघा. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असतो, कारण तेव्हा ती तार गुंडाळलेली असायची. आजच्या साध्या तिसऱ्या तारेला तो आधीच जास्त होतो, आणि बोर्ड सपाट झाला की ती तार आणखीच ओरडते. पिकअप खाली घेऊन मला फारसा उपयोग झाला नाही. एका उंचीच्या चुंबकांचा सेट टाकला, तेव्हा कुठे सहाही तारा एका आवाजात बोलायला लागल्या.