२२-०-२२ चा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर: दिवाळी ते पावसाळा वापरून

एलएम३८८६ या ऑडिओ अँप्लिफायर आयसीच्या जोडीवर घरी बांधलेल्या स्टिरिओ अँप्लिफायरला मी २२-०-२२ व्होल्ट (मधल्या शून्यापासून दोन्ही बाजूंना २२), ३०० व्हीए क्षमतेचा टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याच्या आकाराच्या कोअरचा, ट्रान्सफॉर्मर बसवलाय. दिवाळीत जोडला, आता पाऊस सुरू झालाय. एक कुरकुर सोडली तर खूश आहे.

आधी व्होल्टेजबद्दल. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, विचारलंत तर २४-०-२४ पटकन हातात पडतो. रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी झाल्यावर) १.४१ पट धरले तर २४ चे साधारण ३३ होतात, कागदावर. पण लेबलवरचा आकडा पूर्ण लोडचा असतो. लोड नसताना पाच-सात टक्के जास्तच मिळतात. त्यात आमच्याकडे रात्री उशिरा घरची लाइन २३० ऐवजी २५० व्होल्टला जाते. सगळं एकत्र आलं की २४ वाला दोन्ही बाजूंना ३८ च्या घरात पोचतो. आयसीची सिग्नल चालू असतानाची मर्यादा प्रत्येक बाजूला ४२. लगेच जळणार नाही, पण हीटसिंक तापणार, आणि ३५ व्होल्टचे कपॅसिटर टाकले असतील तर त्यांचं काही खरं नाही. एवढं करून आवाजात वाढ किती? एक डेसिबलही नाही! माझ्याकडे रात्रीसुद्धा मीटर ३५ च्या आतच राहतो.

व्हीएचं (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं) म्हणाल तर ८ ओहमच्या स्पीकरना चॅनलमागे चाळीस-पंचेचाळीस वॅट मिळतात. एकूण वॅटच्या दीडपट हा नेहमीचा हिशोब, म्हणजे १५० पुरले असते. वरचे हौसेचे.

तयार मालाऐवजी वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार सांगून गुंडाळून घेतला. स्वस्तातल्या मालात बऱ्याचदा अॅल्युमिनियम निघतं. लेबलवरच्या ‘५ अँपिअर’वर जाऊ नका, काट्यावर ठेवा. तांब्याचा ३०० व्हीए अडीच-तीन किलोच्या आसपास भरायला हवा.

आता कुरकुर. घरात हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर लावला की ट्रान्सफॉर्मर घूं करतो. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. अर्ध्या स्पीडला ड्रायर डायोडमधून लाइनच्या एसी लहरीची एकच बाजू ओढतो, त्यामुळे लाइनमध्ये थोडा डीसी येतो आणि टोरॉइडचा कोअर एका बाजूला सॅच्युरेट होऊ लागतो, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलायची क्षमता संपते. ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांचा चौकोनी ईआय कोअरवाला हे निमूटपणे सोसतो. पण त्याचं बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या तारांत हम घालतं, म्हणून लहान डब्यात मला तो नकोच होता. शेवटी प्रायमरीला (लाइनकडच्या वाइंडिंगला) हा डीसी अडवणारा डीसी ब्लॉकर लावला, घूं जवळपास गेली.

चालू करताना टोरॉइड क्षणभर भरपूर करंट खेचतो, ६ अँपिअरचा एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडू शकतो. प्रायमरीला सिरीजमध्ये एनटीसी थर्मिस्टर (थंड असताना करंट अडवणारा, तापला की मोकळा होणारा रेझिस्टर) टाका, दहा-वीस रुपयांचं काम.

आणि ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट धातूच्या डब्याच्या झाकणाला अजिबात टेकता कामा नये. तळ, बोल्ट आणि झाकण मिळून कोअरभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो, आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळायला तेवढं पुरतं.