बाळाच्या नावासाठी स्वाइपवालं अॅप घेतलं, पाचपैकी अडीच स्टार (त्यातला अर्धा आईमुळे)

आधी सांगते की अॅपचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण असली दहा अॅप्स आहेत आणि सगळी एकाच साच्यातली वाटतात, त्यामुळे एकाला धोपटून उपयोग नाही. तर झालं असं की दादा-वहिनीला मुलगी होणारे (तिकडे डॉक्टर सांगू शकतात), वहिनी जर्मन, दादा आपला, राहायला जर्मनीतच, आणि दोघांची अट अशी की नाव छोटं पाहिजे, स्टायलिश पाहिजे आणि युरोपातलंच पाहिजे, म्हणजे निदान नावावर तरी कोणी अडखळणार नाही, आडनावावर अडखळतातच रोज. आत्या म्हणून मी लगेच कामाला लागले. यादी करायला वही काढली तर दादा म्हणाला अगं वही काय, अॅप आहे त्याला.

कल्पना चांगली आहे हे कबूल. नाव समोर येतं, आवडलं तर उजवीकडे सरकवायचं, नाही आवडलं तर डावीकडे, आणि जोडलेल्या सगळ्या फोनवर आवडलेलं नाव निघालं की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात. आम्ही तीन फोन जोडले होते. पहिल्या दोन दिवसांत मी साडेचारशे नावं सरकवली, रात्री झोपायच्या आधी तेच, सकाळी चहा घेताना तेच, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी नावं वाचतच नाहीये, नुसता अंगठा चालतोय. मिया, लिया, निया, मिला, लिला, लेना, लाना, सगळ्यांची खिचडी. दादाने तर एमाला एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे सरकवलं, अॅपने दोन्ही वेळा गुपचूप मान्य केलं.

आता छोट्या नावांचा फिल्टर. त्यासाठी पैसे भरावे लागतात, भरले. तर तो फिल्टर रोमन स्पेलिंगमधली अक्षरं मोजतो! म्हणजे चार अक्षरांची मर्यादा लावली की क्लोई गायब, कारण स्पेलिंगमध्ये पाच अक्षरं, आणि आयर्लंडमधलं सीर्शा तर सात अक्षरी म्हणून पार हद्दपार, बोलायला बघा किती लहान आहे ते. नाव छोटं की मोठं हे तोंडात ठरतं हो. अंगणातून हाक मारताना किती वेळ लागतो यावर. हे ज्याने अॅप बनवलं त्याने कधी कुणाला लांबून हाक मारली नसावी.

उच्चाराचं बटण आहे, त्याचा तर खेळच झाला. आयरिश नीव्ह, लिहिताना एन-आय-ए-एम-एच, त्याला ती बाई म्हणाली "नायम्ह". माया हे नाव जर्मनीत, पोलंडमध्ये, स्वीडनमध्ये मधे रोमन "जे" घालून लिहितात आणि त्या जेचा उच्चार य करतात, तर ते तिने "माजा" केलं, आंब्याच्या ज्यूससारखं. आणि एव्हाला बरेचसे जर्मन लोक चक्क "एफा" म्हणतात हे मला वहिनीने सांगितलं, अॅपने नाही. एका खंडात पंचवीस-तीस भाषा कोंबून "युरोपियन" असं एकच लेबल चिकटवलं की असंच होणार.

अर्थांबद्दल न बोललेलंच बरं. जिकडे बघावं तिकडे "राजकन्या", "सुंदर", "तेजस्वी". झोई म्हणजे ग्रीकमध्ये जीवन, लिव्ह म्हणजे नॉर्वेजियनमध्ये जीवन, मिला स्लाव्ह भाषांतल्या "प्रिय" या शब्दावरून आलंय, व्हेरा म्हणजे रशियनमध्ये श्रद्धा, रोमी हे रोझमारीचं घरगुती रूप (अभिनेत्री रोमी श्नायडरचं खरं नाव रोझमारीच होतं), किती छान छान गोष्टी आहेत यामागे. आल्मा तर बघा, स्पॅनिशमध्ये आत्मा आणि हंगेरियनमध्ये सफरचंद. हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं हसत होते, पण अॅपमध्ये आल्माचा अर्थ काय दिलाय तर "दयाळू राजकन्या". राजकन्या कुठून आली माहीत नाही.

पण खरा घोळ लोकप्रियतेच्या आकड्यांचा. वहिनीला एकच भीती होती की वर्गात त्याच नावाच्या अजून तीन मुली नकोत. अॅप प्रत्येक नावाखाली नंबर दाखवतं आणि आम्ही आठवडाभर त्यावर विसंबून होतो, मग कळलं की तो नंबर अमेरिकेचा आहे! तिथलं सोशल सिक्युरिटी म्हणजे पेन्शन वगैरे बघणारं सरकारी खातं १८८० पासूनची नावं प्रसिद्ध करतं, आयती यादी मिळते, तीच उचलून लावलेली. अमेरिकेतला नंबर बघून जर्मनीतल्या शाळेचा अंदाज कसा बांधणार?

म्हणून मग मी स्वतःच शोधायला बसले आणि इथून खरी मजा आली. फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेकडे, इन्सेकडे, १९०० पासूनची नावांची फाइल आहे, फुकट, नाव टाका आणि वर्षागणिक आलेख बघा. लुईझ टाकलं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंच, मग मधली कित्येक दशकं दरी, आणि आता परत वर. नताली टाकलं तर साठच्या दशकात एक डोंगर आणि नंतर सपाट मैदान, म्हणजे नताली नावाच्या बायका आता साठीच्या आसपास असणार. एका रात्रीत मी चाळीस नावं बघितली, अंगठा दुखला नाही आणि प्रत्येक नाव लक्षात राहिलं. इंग्लंड-वेल्सचंही असंच आहे, तिथे २०१६ पासून ऑलिव्हिया वर्षानुवर्षं पहिली, फक्त ते स्पेलिंगप्रमाणे वेगवेगळं मोजतात, सोफिया पीएच आणि सोफिया एफ या दोन वेगळ्या, त्यामुळे बेरीज आपणच करायची.

त्याच इंग्लंडच्या यादीत वरच्या नंबरांत आयला. स्कॉटलंडमधलं नाव, स्पेलिंगमध्ये एस आहे पण तो बोलायचा नाही. मी फॅमिली कॉलवर वाचून दाखवलं, "आयला", तर बाबा लांबून ओरडले, "काय झालं?" वहिनीला आम्ही सगळे का हसतोय ते समजावून सांगायला दादाला पाच मिनिटं लागली आणि ते नाव तिथेच बाद झालं. लोटे हे डच-जर्मन नाव आईने लोट्यावर नेलं. काया नॉर्वेतलं, त्यावर बाबा म्हणाले काया वाचा मने. पिया मात्र सगळ्यांना आवडलं, नेमकं वहिनीच्या बॉसचं नाव पिया. कुठलंही अॅप हे सांगू शकत नाही, मान्य, पण निदान दुसऱ्या भाषेत अर्थ काय होतो असा एखादा रकाना तरी ठेवा ना, मिश्र घरं काय कमी आहेत का.

अजून एक गोष्ट जी अॅपमध्ये कुठेच नाही ती म्हणजे नियम. आपल्याला वाटतं नाव काय, ठेवलं की झालं. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे, यादीत नसलेलं नाव असेल तर ते तिथल्या व्याकरणाच्या विभक्त्यांत बसतं का ते बघतात. ब्लायर नावाच्या मुलीला ते नाव पुरुषाचं म्हणून नाकारलेलं, पासपोर्टवर बिचारीचं नाव "मुलगी" असं होतं, शेवटी २०१३ मध्ये पंधराव्या वर्षी कोर्टातून नाव मिळालं. पोर्तुगाल, हंगेरी, डेन्मार्क इथेही सरकारी याद्या आहेत. फ्रान्समध्ये १९९३ नंतर बरीच मोकळीक आली तरी एका जोडप्याने मुलीचं नाव नुटेला ठेवलं तेव्हा न्यायाधीशांनी ते कापून एला केलं. (एला आमच्या यादीत होतं. हे कळल्यापासून दादा तिला नुटेलाच म्हणायचा, म्हणून तेही गेलं.)

आणि जर्मनीची गोष्ट तर आपल्याच घरातली वाटावी अशी. एका आईबापांना मुलीचं नाव ठेवायचं होतं किरण. नोंदणी कार्यालय म्हणालं की यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, जोडीला दुसरं स्पष्ट नाव द्या. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल लागला की असा काही कायदाच नाही, मुलीच्या हिताला धक्का लागत नसेल तर किरण चालेल. आपल्याकडे वर्गात एक मुलगा किरण आणि एक मुलगी किरण शेजारी बसतात आणि तिकडे त्यावर सर्वोच्च पातळीवर खल! मी दादाला म्हटलं बघ, रस्ता मोकळा करून ठेवलाय, किरणच ठेव. वहिनी म्हणाली छान आहे पण युरोपियन नाही. अट म्हणजे अट.

नावावरून अडलं तर काय करायचं तेही सांगते, कारण अॅपवाले सांगणार नाहीत. लाइपझिग विद्यापीठात नावांचा सल्ला देणारं केंद्र आहे, शिवाय जर्मन भाषेची एक जुनी संस्था आहे, गेझेलशाफ्ट फ्यूर डॉइचे श्प्राखे, तीही नावाबद्दल लेखी अभिप्राय देते, तो नोंदणी कार्यालयात दाखवता येतो. देशभरातल्या आवडत्या नावांची यादीही हीच संस्था १९७७ पासून काढते. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करायची असते पण नाव ठरलं नसेल तर महिनाभर मुदत मिळते, त्यामुळे दवाखान्यातच घाईघाईने अंगठा सरकवत बसू नका.

मग अडीच स्टार तरी का? कारण एक काम ते चांगलं करतं, भांडण न होता नकार देता येतो. वहिनीने सुचवलेलं नाव नाही आवडलं हे तोंडावर सांगणं मला जमलं नसतं, इथे गुपचूप डावीकडे सरकवलं की झालं. तेवढ्यासाठी फुकटवाली आवृत्ती पुरे. पैसे भरू नका, आणि भरलेच तर बंद करायचं बटण आधी शोधून ठेवा, मला ते सेटिंगच्या चौथ्या पानावर सापडलं.

नाव ठरलंय. वहिनीच्या पणजीचं नाव, ईडा. तिकडे आज्या-पणज्यांची नावं परत फॅशनमध्ये आलीत, ईडा, एमा, फ्रीडा वगैरे, आणि ईडा हे जुनं जर्मॅनिक नाव, काम किंवा कष्ट अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं जोडतात (अॅपनुसार अर्थातच राजकन्या). अॅपमध्ये ते मी पहिल्याच दिवशी न वाचता डावीकडे सरकवलं होतं, त्यामुळे आमचे रंगीत कागद काही उडले नाहीत. दादाने फोनवर आईला सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता, बाबांनी मधेच सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला की अगं इडा-पिंगला असतात ना योगात, त्यातली इडा, छान आहे. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली, "असू दे. पिडा नाही ना ठेवली."