कोरियन घरीच शिकायचंय? आधी कोणतं पुस्तक घ्यावं

के-ड्रामा बघून कोरियनचा नाद लागलेल्या कोल्हापूरकराची गाडी बहुतेक वेळा दोन पुस्तकांपाशी अडते. ‘टॉक टू मी इन कोरियन’ची लेव्हल १ घ्यायची, की ‘कोरियन ग्रामर इन यूज’चा बिगिनिंग भाग? दोन्ही इंग्रजीतून समजावतात, आणि माझ्या मते निवड इथंच ठरते.

कोरियनमध्ये क्रियापद शेवटी, नामाच्या मागून प्रत्यय, मोठ्यांशी बोलताना वेगळं रूप. इंग्रजीवाल्याला हे सगळं नवीन; आपण लहानपणापासून तसंच बोलतोय. ‘टॉक टू मी’ हे सावकाश, गप्पा मारत सांगतं. ऐकायला मजा येते, वाक्यंही बोलण्यातली. पण मराठी माणसाला त्यातली बरीच पानं भराभर उलटता येतात, आणि भरपूर सराव हवा असेल तर वर्कबुक वेगळं घ्यावं लागतं.

‘ग्रामर इन यूज’ रुक्ष आहे, खोटं कशाला बोला. पण आपण जिथं खरंच अडखळतो तिथं तेच कामाला येतं. कारण सांगायचे दोन प्रत्यय बघा: ‘आसो’ आणि ‘निक्का’. ‘पाऊस होता म्हणून उशीर झाला’, ‘पाऊस आहे म्हणून रिक्षानं जाऊया’. आपलं दोन्हीकडं ‘म्हणून’वर भागतं. कोरियनमध्ये पुढं आज्ञा किंवा ‘जाऊया’सारखी सूचना आली की ‘आसो’ चालत नाही, ‘निक्का’च लागतं. असे जुळे प्रत्यय हे पुस्तक शेजारी ठेवून दाखवतं, लगेच सराव देतं आणि उत्तरं मागं छापतं. वही तपासायला सर नसताना याची किंमत कळते.

टॉपिक-१ ही कोरियनची सुरुवातीची परीक्षा द्यायची असेल तर विचारूच नका, हेच घ्या. तिथं फक्त श्रवण आणि वाचन असतं. २०० पैकी ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी.

‘सेजोंग कोरियन’ हे तिसरं पुस्तक वर्गासाठी लिहिलेलं आहे, जोडीनं बोलायचे सराव भरपूर. मैत्रीण सोबत शिकणार असेल तरच.

उच्चारांचं मात्र कुठलंच पुस्तक पुरं पाडत नाही. हांगुल म्हणजे कोरियन लिपी, तिची १४ मूळ व्यंजनं आणि १० स्वर आधी गिरवा, शब्दांवर देवनागरी लिहू नका. ग, ख आणि क्क यांच्या आसपासचे तीन आवाज कानानंच सुटे होतात. त्यासाठी रंकाळ्यावर फिरताना ‘टॉक टू मी’चे सुरुवातीचे मोफत धडे ऐका, आणि पैसे ‘ग्रामर इन यूज’वर घाला.