विशेष मुलांची रोजची ने-आण: स्वतःची गाडी, व्हॅन, शाळेची बस की रिक्षा?

इंदूरमध्ये मुलाला विशेष शाळेत, थेरपीला किंवा मोठं झाल्यावर डे-केअरला पाठवायचं ठरलं, की घरात फीइतकीच चर्चा होते ती ने-आणीची. राजेंद्रनगर किंवा सुदामानगरातून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला गर्दीच्या वेळी पाऊण तास सहज लागतो, म्हणजे जाऊन-येऊन दीड तास मूल गाडीत असतं. ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी कोणता पर्याय कुठे कमी पडतो, ते इथे शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

आमचं मत आधीच सांगतो. गाडी कोणती, हा प्रश्न नंतरचा. चालवणाऱ्याखेरीज आत दुसरा जबाबदार माणूस आहे का आणि प्रत्येक प्रवाशाला स्वतःचा बेल्ट आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. ताशी 40 किमी वेगाने जाणारी गाडी जागीच थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सहा मीटरांवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. आईने मांडीवर घट्ट धरलेलं मूल त्या क्षणी हातात राहत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब प्रमाणे 14 वर्षांखालील मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर 1,000 रुपये दंड आहे.

आधी मुलाकडे पाहा

एकच गाडी एका मुलासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी धोक्याची असू शकते. बेल्ट काढून उभं राहणारं मूल, आकडी येणारं मूल, मान आणि पाठ सावरता न येणारं मूल आणि व्हीलचेअरवरचं मूल, या चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. अशा मुलाला गाडीत चढवताना हात धरून ओढू नये आणि मानेबद्दल डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. हेडरेस्ट निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत हवा. स्नायू ढिले असलेलं मूल झोपलं की डोकं पुढे पडून श्वासाची वाट दबते, म्हणून त्याच्या सीटची पाठ थोडी मागे कललेली असावी आणि शेजारच्याचं त्याच्याकडे लक्ष असावं.

स्वतःची गाडी

दोन मोठी माणसं असतील तर हाच सगळ्यांत चांगला पर्याय आहे. वेळ, एसी, आवाज आणि रस्ता, सगळं तुमच्या हातात असतं. मुलाला मागच्या सीटवर डावीकडे बसवा: उतरताना फुटपाथची बाजू मिळते आणि आरशात त्याचा चेहरा चालकाला दिसतो. दुसरं माणूस त्याच्या शेजारी बसतं.

एकट्या पालकाने आकडी येणाऱ्या किंवा बकल उघडणाऱ्या मुलाला नेणं मात्र आम्हाला पटत नाही. मागे वळून पाहिलं की नजर रस्त्यावरून जाते, आणि एबी रोडसारख्या (आग्रा-मुंबई रस्ता) वर्दळीच्या रस्त्यावर तेवढे दोन सेकंद पुरेसे असतात. ताशी 40 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते.

चाइल्ड लॉक लावलाय असं समजू नका, तपासा. मागच्या दाराच्या कडेला असलेला छोटा खटका खाली किंवा वर करा (गाडीगणिक वेगळं असतं), स्वतः आत बसून दार लावून घ्या आणि आतल्या हँडलने उघडून पाहा. उघडलं नाही तरच तो लागला. काचांचं बटण चालकाच्या दारावरून लॉक करा.

बेल्टचा खांद्यावरचा पट्टा गळपट्टीच्या हाडावरून जावा, मानेवरून नाही. खालचा पट्टा जांघेच्या वरच्या भागावर, पोटावर नाही. पाठ सीटला टेकून गुडघे सीटच्या कडेशी वळत असतील आणि मूल पूर्ण प्रवास तसंच बसत असेल, तर साधा बेल्ट चालतो. उंची साधारण 145 सेंटीमीटरपर्यंत पोचेतो बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतोच. मूल दहा-बारा वर्षांचं आहे म्हणून तो सोडू नका. या मुलांची उंची आणि धड सावरण्याची ताकद वयाच्या मागे असू शकते. हार्नेसची (दोन्ही खांद्यांवरून पट्ट्या येणारी) चाइल्ड सीट असेल तर खांद्यावरची पट्टी चिमटीत धरून पाहा. चिमटीत आली तर ती सैल आहे. थंडीत जाड जॅकेटवर हार्नेस बांधला तर तो हमखास सैल राहतो, म्हणून आधी बांधा आणि जॅकेट वरून पांघरा.

बकल उघडणाऱ्या मुलासाठी बकलवर बसणारं कव्हर किंवा पाठीमागे चेन (झिप) असलेला हार्नेस मिळतो. कोणतंही साधन आणा, ते दोन मोठ्या माणसांना पाच-सात सेकंदांत उघडता आलं पाहिजे, आणि बेल्ट कापायचा कटर चालकाच्या हाताशी हवा. ओढणी किंवा दोरीने सीटला बांधणं पूर्ण बंद करा. धक्क्यात ती गळ्यावर किंवा पोटावर आवळते आणि धूर झाला तर गाठ सुटत नाही.

शेअर व्हॅन

खर्च कमी आणि दारात येते, म्हणून बहुतेक घरं इथेच थांबतात. व्हॅनमधली बहुतेक चूक वाहनाच्या प्रकारात नसते, ती त्यात मुलं कशी भरली आहेत यात असते. शाळांच्या वाहनांसाठीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांत 12 वर्षांखालच्या मुलांसाठी आसनक्षमतेच्या दीडपटीपर्यंत मुभा आहे. पण एका बेल्टमध्ये दोन मुलं बसत नाहीत. आपल्या मुलांसाठी हिशेब एकच: जितके चालू बेल्ट, तितकी मुलं. आडव्या बाकड्यावर, म्हणजे बाजूला तोंड करून बसवलेलं मूल ब्रेक लागताच कडेला फेकलं जातं. तिथे आपलं मूल बसवू देऊ नका.

व्हॅनच्या चालकाशी, म्हणजे भैयाशी बोलताना नुसतं "सुरक्षित आहे ना?" असं विचारू नका, त्यावर "हां जी" हेच उत्तर येतं. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) पाहा, त्यावर किती आसनं नोंदवली आहेत ते बघा, नंबरची पाटी पिवळी आहे का पाहा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवली तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या तपासणीची पाटी वाचा आणि मागचं दार दप्तरांनी बंद झालेलं नाही ना ते बघा. सरकत्या दाराला चाइल्ड लॉक असतो, तो रोज लावला जातो का, हे चार दिवस स्वतः गाडीपाशी उभं राहून पाहा.

मुलांकडे बघणारी मावशी किंवा दीदी सोबत नसलेली व्हॅन आम्ही विशेष मुलांसाठी सुचवत नाही. तीन-चार कुटुंबांनी मिळून तिचा पगार वाटून घेतला तर प्रत्येकाचा बोजा आवाक्यात येतो, आणि हाच खर्च सगळ्यांत उपयोगी ठरतो.

शाळेची बस

बस जड असते, त्यामुळे छोट्या धडकेत आतली मुलं बरीच वाचतात. सहायिका, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि ताशी 40 किमीचा स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) हे नियमातच येतं. तरी गव्हर्नर चालू आहे का, हे विचारायलाच हवं. जानेवारी 2018 मध्ये आपल्याच बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून पलीकडच्या ट्रकवर आदळली आणि चार विद्यार्थी व चालक दगावले. मार्गात बायपास येत असेल तर हा प्रश्न विचारताना संकोच करू नका.

बसची दुसरी अडचण वेळेची. पहिल्या स्टॉपचं मूल सगळ्यांत जास्त वेळ आत बसतं. आकडीची औषधं, शौचाची वेळ, भूक किंवा आवाजाचा त्रास असेल तर चढण्याचा क्रम बदलून मागा. बहुतेक बसमध्ये बेल्ट नसतात. जवळजवळच्या उंच पाठीच्या सीट समोरच्या धडकेत थोडा आधार देतात, पण धड सावरू न शकणाऱ्या मुलाला बाजूच्या धक्क्यात काहीच आधार नाही. अशा मुलासाठी बस नको.

व्हीलचेअरची गाडी

मूल गाडीच्या सीटवर बसू शकत असेल तर त्याला सीटवर बसवा आणि रिकामी खुर्ची वेगळी बांधा. घडीची साधी खुर्ची धडकेसाठी बनवलेली नसते. खुर्चीतच न्यायचं असेल तर तोंड पुढे, आडवं कधीच नाही. चार पट्टे लागतात, दोन पुढे आणि दोन मागे, आणि ते खुर्चीच्या वेल्ड केलेल्या सांगाड्याला अडकवायचे. चाकं, निघणारे हात किंवा पायठेवणी यांना बांधलं तर तो भाग उखडून येतो. समोरच्या धडकेत मुख्य जोर मागच्या दोन पट्ट्यांवर येतो, ते ढिले राहू देऊ नका. जमिनीतले हुक पत्र्याला नाही, चेसिसला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) बोल्ट केलेले हवेत.

खुर्चीचा ब्रेक पुरेसा नाही. खुर्चीवरचा बसण्याचा पट्टासुद्धा अपघातासाठी नसतो. माणसासाठी कमरेचा आणि खांद्याचा बेल्ट वेगळा, तोही गाडीला पक्का केलेला. पुढचा ट्रे काढून ठेवा. गाडीत रॅम्प किंवा लिफ्ट बसवताना आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या.

रिक्षा, ई-रिक्षा आणि दुचाकी

रोजसाठी नाहीच. रिक्षात बेल्ट नाही, एक बाजू उघडी, आणि तीन चाकांमुळे वळणावर कलंडण्याचा धोका. एखाद्या दिवशी नाइलाज झालाच तर मूल दांडीच्या बाजूला, मोठं माणूस उघड्या बाजूला, आणि चालकाला सावकाश चालवायला सांगायचं. ई-रिक्षा हलकी आणि दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणून त्याहून वाईट. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवणं टाळा.

रस्त्यात काय घडू शकतं

आकडी आली तर चालकाने घाई न करता कडेला थांबावं आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड दिवे लावावेत. वेळ बघायला सुरुवात करावी. मान बाजूला वळवा, कॉलर सैल करा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो मावशीच्या पिशवीत हवा, आईच्या पर्समध्ये नाही, आणि तो कधी मारायचा हे डॉक्टरांकडून तिला शिकवून घ्या.

ऑटिझम असलेल्या मुलासाठी रस्ता बदलणं हाच मोठा धक्का असू शकतो. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्याच्या बाजूने निघते, अनंत चतुर्दशीला झांक्या (देखाव्यांचे रथ) निघतात, आणि रस्ते बंद होतात. आदल्या दिवशी फोटो दाखवून सांगा आणि कानावर आवाज कमी करणारे हेडफोन ठेवा. चालकानेही हॉर्न आणि जोरात ब्रेक टाळावेत, पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवावं.

शेवटचं मूल उतरल्यावर चालकाने किंवा मावशीने मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन पाहायचं, रोज. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत जवळजवळ दहा अंशांनी चढतं, आणि ज्याला बोलता येत नाही ते मूल हाक मारणार नाही. मूल कोपऱ्यावर सोडायचं नाही, हातात हात द्यायचा, आणि कोणाच्या हातात द्यायचं ती नावं चालकाकडे लिहून ठेवायची.

करार करण्यापूर्वी नेहमीच्याच वेळी, पूर्ण मार्गावर एक फेरी मुलासोबत स्वतः करा. मागच्या सीटवर बसा, बेल्ट लावायला किती वेळ लागतो ते बघा, आणि चौराह्यावर भैया मागे वळून बोलतो का याकडे लक्ष ठेवा.