अप्रेंटिस योजना छोट्या कारखान्याला झेपते का? जळगाव-धुळ्याच्या नजरेतून

जळगाव असो की धुळ्याची अवधान एमआयडीसी, पाइप, चटई, डाळीच्या कारखान्यांत एक तक्रार हमखास कानावर पडते: नवी पोरं टिकत नाहीत. आयटीआय करून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पंधरा दिवस येतो आणि सोळाव्या दिवसापासून फोन उचलत नाही. अशा मुलांना रीतसर कामावर घ्यायचा सरकारी रस्ता म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. ती २०१६ मध्ये सुरू झाली, मूळ कायदा १९६१ चा. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याला ती कशी पडते, ते पाहू.

कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेणं बंधनकारक आहे: मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. ४० माणसांच्या युनिटला एक ते सहा मुलं. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाची मर्जी. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवलं. योजनेत त्याचा २५ टक्के हिस्सा, पण १,५०० रुपयांच्या वर नाही, केंद्र सरकार थेट मुलाच्या खात्यात भरतं. म्हणजे मालकाचे ५,५०० जातात. करार करण्याआधी योजनेच्या सरकारी पोर्टलवरचा (संकेतस्थळावरचा) चालू दर बघून घ्यावा. आणि ७,००० हा किमान आकडा आहे, तिथेच थांबायचं कारण नाही. पारोळ्याहून किंवा चोपड्याहून येणाऱ्याचं एसटी भाडं आणि डबा यातूनच जातो. वर हजार-दीड हजार टाकणाऱ्याकडे मुलं राहतात, हा हिशेब साधा आहे.

नोंदणी अवघड नाही. पोर्टलवर पॅन, जीएसटी, बँक खातं देऊन आस्थापना नोंदवायची, ट्रेड (कामाचा प्रकार) आणि जागा टाकायच्या, आलेल्या अर्जांतून मुलगा निवडायचा, मग करार तयार होतो आणि दोघांनी तो मान्य करायचा. अडतं ते खात्यापाशी. मुलगा सांगतो, 'आधार लिंक आहे.' पण खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद वेगळी. ही नोंद एका वेळी एकाच खात्याची असते आणि शेवटी जोडलेलं खातं धरलं जातं. सिम घेताना कुणीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिकडे जातात आणि मुलाला वाटतं मालकाने खाल्ले. पहिल्याच दिवशी त्याला बँकेत पाठवून डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) कोणतं खातं लागलं आहे ते विचारायला लावा. आयटीआयच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही तेव्हाच बघा. आपण दिलेल्या विद्यावेतनाची नोंद दर महिन्याला पोर्टलवर करायची असते. ती राहिली की सरकारी हिस्साही राहतो.

इथवर योजनेला चांगले गुण द्यायला हरकत नाही. पण शिकवायचं कसं, ते तुमच्यावर सोडलेलं आहे, आणि मुलगा राहतो की जातो ते तिथेच ठरतं.

पीव्हीसी पाइपाच्या एक्स्ट्रूडरवरचं, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवरचं उदाहरण घ्या. ऑपरेटर सांगतो, 'बंद करायच्या आधी बॅरल (माल वितळतो ती नळी) रिकामं कर.' मुलगा मान हलवतो. का, ते कुणी सांगत नाही. आठवड्याने लाइट जाते, माल आत अडकतो, गरम बॅरलमध्ये करपतो, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा झोंबणारा वायू सुटतो आणि डाय (पाइपाला आकार देणारा साचा) खोलून खरवडत बसावं लागतं. मग सगळ्यांसमोर शिव्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा गायब. पीव्हीसी तापत राहिलं की करपतं, हे एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर लाइट जाताच तो स्वतः धावत आला असता. या पिढीला कारण कळलं की काम पक्कं बसतं. नुसता हुकूम दिला तर तेवढ्यापुरतं होतं. हे उद्धटपण समजू नये. बोटाखाली हवं ते उत्तर मिळण्याची त्यांना लहानपणापासून सवय आहे.

तसंच व्हर्निअरचं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाचं. आयटीआयच्या मुलाला ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतं, पण पाइपाची भिंत एका बाजूला जाड आणि समोर पातळ का येते, ते त्याने पाहिलेलं नसतं. चार बाजूंनी मापं घ्यायला लावा, वहीत लिहायला लावा, मग त्याच्यासमोर डायचे सेंटरिंग बोल्ट फिरवून पुन्हा मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याचं लक्ष मशीनवर बसतं.

भाषेकडेही बघा. मुलगा घरी अहिराणी बोलतो, ऑपरेटर बहुतेक हिंदी. प्रत्येक सूचनेला 'हो' म्हणणारा मुलगा समजलेलाच असतो असं नाही. सांगून झालं की त्यालाच विचारा, 'आता तू सांग, का?' 'काय करी ऱ्हायना रे?' (काय करतोयस रे?) असं कुणी आपल्या बोलीत विचारलं की तो खरी अडचण बोलतो. 'ए पोऱ्या' ऐवजी नावाने हाक मारा. चूक बाजूला घेऊन दाखवा.

मोबाइलवर सरसकट बंदी टिकत नाही. मशीनपाशी फोन नको, फिरत्या भागापाशी बोटं जातात, हे कारण सांगून नियम करा आणि जेवणाच्या सुट्टीत मोकळं सोडा. आखाजी (अक्षय्य तृतीया), कापूस वेचणी आणि पोलीस भरतीची मैदानी चाचणी, या तीन वेळी गैरहजेरी होणारच. भरतीची तारीख मुलगा लपवतो, कारण सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती असते. 'आधी सांग, रजा मिळेल' हे करारावर सही करतानाच बोला. मुली घेणार असाल तर स्वच्छतागृह आणि अंधार पडायच्या आधीची एसटी, या दोन गोष्टींशिवाय सुरुवात करू नका.

योजनेतली मोठी उणीव अशी की वर्ष संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, आणि मुलांना ते माहीत असतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच 'पुढे ठेवलं तर पगार इतका' हा आकडा सांगून टाका. गुलदस्त्यात ठेवला की मुलगा पुण्याची चौकशी सुरू करतो. शेवटच्या परीक्षेचा अर्जही वेळेत भरून द्या, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र त्यावरच मिळतं.

स्वस्तातला हेल्पर हवा असेल तर ही योजना घेऊ नका. शिकाऊ मुलाकडून परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि त्याला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची असते. शिकवायला रोज अर्धा तास देणारा एक ऑपरेटर मात्र तुमच्याकडे असेल, तर आयटीआयचे निकाल लागले की लगेच जागा टाका, आणि एकदम सहा न घेता दोनच मुलं घ्या.